ठेंगणे झाड, टपोरे फळ

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरात क्रेग लेहूलियर यांच्या अंगणातली झाडे वर्षागणिक वाढत गेली आणि त्यांच्या सावलीत टोमॅटोचे वाफे झाकोळू लागले. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा उरली ती घरापुढची, गाडी लावायची फरसबंदी. लेहूलियर यांनी तिथेच कुंड्या मांडल्या. पण त्यांच्या आवडीचे जुने टोमॅटो म्हणजे आठ-दहा फूट उंच जाणारे वेलच. कुंडीत त्यांची मुळे मावत नाहीत, काठ्या पुरत नाहीत आणि जोराचा वारा आला की झाडासकट कुंडी आडवी होते. गच्चीवर टोमॅटो लावून पाहिलेल्या कुणालाही हे नवे नाही.

लेहूलियर पेशाने रसायनशास्त्रज्ञ. औषधनिर्मितीच्या क्षेत्रात त्यांनी नोकरी केली, पण अमेरिकेतले बागकाम करणारे लोक त्यांना ओळखतात ते टोमॅटोमुळे. १९९० साली टेनेसी राज्यातल्या एका गृहस्थाने त्यांना पाकिटातून थोडे बी पाठवले. चेरोकी या मूळ रहिवासी लोकांकडून शंभर वर्षांपूर्वी आलेला जांभळा टोमॅटो, एवढीच त्याची ओळख सोबतच्या पत्रात होती. नावसुद्धा नव्हते. लेहूलियर यांनी बी पेरले, फळ चाखले, त्याला ‘चेरोकी पर्पल’ असे नाव दिले आणि बी पुढे वाटले. आज तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वारसा वाणांपैकी एक आहे.

वारसा वाण म्हणजे घराण्यात, गावात, पिढ्यानपिढ्या बी धरून जपलेले वाण. हे सरळ वाण असतात. फळातले बी पेरले की पुन्हा तेच झाड आणि तेच फळ मिळते. बाजारातल्या संकरित बियाण्याचे तसे नसते. त्याच्या फळातले बी पेरले तर पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळा प्रकार निघतो, म्हणून दरवर्षी नवे पाकीट विकत घ्यावे लागते.

वारसा वाणांचे एवढे कौतुक मुख्यतः चवीमुळे होते, आणि त्या चवीमागे ठोस कारण आहे. जुन्या वाणांची कच्ची फळे पाहिली तर देठाजवळचा भाग गडद हिरवा आणि खालचा फिकट दिसतो. विसाव्या शतकात पैदासकारांनी हा हिरवा खांदा काढून टाकला. सगळे फळ एकसारखे फिकट हिरवे असले की पिकताना रंगही एकसारखा चढतो आणि तोडणी कधी करायची ते शेतकऱ्याला नेमके कळते. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने या सोयीची किंमत दाखवून दिली. फळाचा रंग एकसारखा करणारा बदल ज्या जनुकात झाला होता, ते जनुक फळातली हरितद्रव्याची कोठारे वाढवण्याचे काम करत होते. ते निकामी झाले आणि फळ स्वतः जी साखर बनवत होते, तीही घटली. दिसायला देखणा आणि खायला पांचट असा टोमॅटो तयार होण्याचे हे एक मूळ. सगळा दोष एकाच जनुकाला देता येत नाही. टिकाऊपणा, कडक साल आणि एकरी उत्पन्न यांच्या मागे धावताना सुगंधी द्रव्येही गळत गेली. पण कोशिंबिरीत चिरलेल्या टोमॅटोला काहीच चव नाही, असे आजी म्हणते तेव्हा तिची जीभ बरोबर सांगत असते.

मग कुंडीत लावायला लहान झाड हवे असेल तर काय करायचे? बाजारात बुटके टोमॅटो पुष्कळ मिळतात, पण त्यांतले बहुतेक ‘मर्यादित वाढीचे’ असतात. १९१४ साली फ्लोरिडात एका शेतात आपोआप झालेल्या जनुकबदलातून ही जात पुढे आली. अशा झाडाची फांदी काही फुटवे झाले की फुलोऱ्यावरच थांबते. सगळी फळे थोड्या दिवसांत एकदम पिकतात. कारखान्यासाठी आणि यंत्राच्या तोडणीसाठी ही सोय उत्तम आहे. घरच्या स्वयंपाकघराला मात्र रोज दोन-तीन फळे हवी असतात, एका आठवड्यात आठ किलो नव्हे. शिवाय थोड्या पानांवर एकदम बरीच फळे पोसायची म्हटल्यावर प्रत्येक फळाच्या वाट्याला साखर कमी येते.

खरे ठेंगणे झाड निराळे असते. इंग्रजीत त्याला ड्वार्फ म्हणतात. ते वाढायचे थांबत नाही, फक्त सावकाश वाढते. उंच वेल जेवढ्या दिवसांत आठ फूट जातो, तेवढ्यात हे तीन-चार फुटांवर असते. खोड अंगठ्यासारखे जाड, पेरे आखूड, पाने गडद हिरवी आणि सुरकुतलेली. एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाही. वनस्पतींच्या अंगात ब्रासिनोस्टेरॉइड नावाची वाढीची संप्रेरके असतात. ती तयार करण्याच्या साखळीतली एक पायरी ठेंगण्या झाडात अधू झालेली असते, त्यामुळे पेशी लांबत नाहीत आणि झाड आटोपशीर राहते. फळाचा आकार किंवा चव कमी व्हावी असे या बदलात काही नाही. लेखाचा सगळा मुद्दा या एका गोष्टीवर उभा आहे.

हा गुण नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या ‘द ले’ या वाड्याच्या बागेतून ताठ खोडाचा टोमॅटो पुढे आला आणि त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘ड्वार्फ चँपियन’ विकला जाऊ लागला. १९१५ साली ‘न्यू बिग ड्वार्फ’ आला. ‘पाँडेरोसा’ या दांडग्या फळाच्या वाणाशी ‘ड्वार्फ चँपियन’चा संकर करून तो घडवला होता. ठेंगण्या झाडावर टपोरी गुलाबी फळे येतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढे मर्यादित वाढीची झाडे आणि मग संकरित बियाणे आले आणि ठेंगण्यांकडे कुणी वळून पाहिले नाही. विद्यापीठांनीही नाही. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ साली ‘मायक्रो-टॉम’ नावाचा वीतभर उंचीचा टोमॅटो काढला, पण तो खिडकीत शोभेसाठी होता. पुढे तो टोमॅटोवरच्या संशोधनात प्रयोगशाळेतला आवडता नमुना झाला.

२००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्की स्मॉल या बागकाम करणाऱ्या बाईंची आणि लेहूलियर यांची इंटरनेटवर ओळख झाली आणि बोलणे या ठेंगण्यांवर आले. जुन्या ठेंगण्या वाणांत लाल, गुलाबी, पिवळा यांपलीकडे रंग नव्हता. चेरोकी पर्पलसारखी खोल चव तर नव्हतीच. कुणी करत नसेल तर आपणच करू, असे दोघांनी ठरवले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते, संस्था नव्हती. होते ते चिमटा, कुंड्या आणि टपालाची पाकिटे.

पहिले संकर पॅट्रिना यांनी केले. त्याची रीत कोणालाही जमण्यासारखी आहे, पण हात हलका लागतो. टोमॅटोच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही एकत्र असतात. पिवळ्या शंकूसारख्या पुंकेसरांच्या आत स्त्रीकेसर लपलेला असतो आणि फूल उमलता उमलताच स्वतःचे परागीभवन उरकून घेते. म्हणून फूल पूर्ण उमलण्याआधी चिमट्याने तो शंकू अलगद काढायचा, उघड्या पडलेल्या केसराला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि फुलाला खूण म्हणून दोरा बांधून ठेवायचे. दहा प्रयत्नांत दोन-तीन साधले तरी पुष्कळ झाले. एका फळात शंभरावर बिया मिळतात.

गंमत पुढे आहे. ठेंगणेपणा हा अप्रभावी गुण. उंच आणि ठेंगण्या झाडाच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी झाडे उंचच निघतात. नवखा माणूस इथे निराश होऊन बी फेकून देईल. पण त्या उंच झाडांच्या फळातले बी पेरले की दुसऱ्या पिढीत चारातले एक झाड ठेंगणे येते. शाळेत मेंडेलच्या वाटाण्याबद्दल शिकलेले गणित इथे वाफ्यात उभे असते. आणि ठेंगणे रोप ओळखायला फळापर्यंत थांबावे लागत नाही. तीन-चार आठवड्यांचे रोप झाले की आखूड पेरी आणि चुरगळलेली गडद पाने स्पष्ट दिसतात. उंच रोपे तिथेच उपटायची आणि ठेंगणी तेवढी कुंडीत लावायची. घरी सहा कुंड्यांचीच जागा असलेला माणूसही पैदासकार होऊ शकला तो यामुळे. शिवाय अप्रभावी गुण एकदा दिसला की पक्का असतो. ठेंगण्याच्या पोटी पुन्हा उंच येत नाही.

रंग, आकार, चव यांना मात्र स्थिर व्हायला वेळ लागतो. प्रत्येक स्वपरागित पिढीत झाडातली अस्थिरता साधारण निम्म्याने घटते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्यात २५, चौथ्यात साडेबारा. आठव्या पिढीपर्यंत ती एका टक्क्याच्या खाली येते. वर्षाला एक हंगाम धरला तर ही सात-आठ वर्षांची वाट झाली. इथे पृथ्वीचा कल मदतीला आला. अमेरिकेत बागा गोठतात तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो. उत्तर गोलार्धातल्या फळांचे बी पाकिटातून दक्षिणेत जायचे, तिथल्या फळांचे उत्तरेत यायचे आणि एका वर्षात दोन पिढ्या व्हायच्या. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथले शेकडो हौशी लोक यात सामील झाले. कुणी निवृत्त, कुणी नोकरदार. प्रत्येकाने आपापल्या चार-सहा कुंड्या वाढवायच्या, फळे चाखायची, नोंद करायची, बी परत पाठवायचे. सुरुवातीच्या संकरांना त्यांनी ‘स्नो व्हाइट’च्या गोष्टीतल्या सात बुटक्यांची नावे दिली. ती संपल्यावर त्याच धाटणीची नवी नावे पाडत गेले.

रंगांचा हिशेब विशेष सुंदर आहे. पिकलेल्या टोमॅटोचा गर लाल आणि साल पारदर्शक असेल तर फळ गुलाबी दिसते. तीच साल पिवळी असेल तर लालभडक. काही वाणांत पिकतानाही गरातले हिरवे हरितद्रव्य जात नाही. त्या हिरव्यात लाल मिसळला की पारदर्शक सालीखाली तो जांभळा दिसतो आणि पिवळ्या सालीखाली चॉकलेटी. लाल रंग बनतच नसेल आणि हिरवा टिकला असेल, तर फळ पिकूनही हिरवेच राहते. आता लाल ठेंगण्याचा उंच हिरव्याशी संकर करून ठेंगणा हिरवा मिळवायचा असेल तर तीन अप्रभावी गुण एकाच झाडात जुळून यावे लागतात. प्रत्येकाची शक्यता चारात एक. म्हणजे तिन्ही मिळून चौसष्टात एक. एकट्याच्या गच्चीत चौसष्ट कुंड्या ठेवणे कठीण. पण आधी रोपवाटिकेतच उंच रोपे काढून टाकली की उरलेल्या सोळा ठेंगण्यांत एक हिरवा सापडतो, आणि ती सोळा झाडे चार घरांत वाटून लावता येतात.

२०१० साली पहिले वाण छोट्या बियाणे विक्रेत्यांमार्फत लोकांच्या हाती आले. ‘रोझेला पर्पल’ जांभळा, नाव ऑस्ट्रेलियातल्या पोपटावरून. ‘टास्मेनियन चॉकलेट’ तपकिरी लाल. पुढे ‘ड्वार्फ स्वीट सू’ पिवळा, ‘ड्वार्फ मिस्टर स्नो’ हस्तिदंती, ‘ड्वार्फ एमराल्ड जायंट’ पिकल्यावरही हिरवा. आज अशा वाणांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. हे सगळे नवे आहेत, आजोबांच्या काळातले नाहीत, तरी वारसा वाणांचे सगळे गुण त्यांच्यात आहेत: सरळ वाण, खोल चव, आणि बी धरता येण्याची मुभा.

यातला सर्वांत मोलाचा निर्णय शेतीचा नव्हता. या मंडळींनी आपल्या वाणांवर पेटंट घेतले नाही, स्वामित्वशुल्क मागितले नाही. त्यांतले अनेक वाण ‘ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाखाली नोंदवलेले आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये २०१४ साली या उपक्रमाखालचे पहिले बियाणे खुले झाले. त्याची प्रतिज्ञा सोपी आहे. हे बी हवे तसे वापरा, पेरा, विका, त्यापासून नवे वाण काढा. पण त्यावर किंवा त्यातून निघालेल्या वाणांवर कुणाचा हात अडवेल असा हक्क लादू नका. इतकी वर्षे राबून तयार केलेली वस्तू अशी मोकळी सोडून द्यायला मन मोठे लागते.

मराठी मुलखाला ही रीत परकी वाटू नये. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच धर्तीवर. शेतकऱ्याने आपल्या शेतात प्रयोग करायचा, मोजमाप ठेवायचे आणि जे कळले ते दुसऱ्यांना कळवायचे. द्राक्षबागायतदारांनी त्यातून मोठी मजल मारली, आणि गच्चीवर पालापाचोळ्यात भाजीपाला पिकवण्याचा विचारही दाभोलकरांनी पुढे नेला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी घरच्या घरी जपले, वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडच्या २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क कायद्यानेही बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

आता हे झाड पुण्या-मुंबईच्या गॅलरीत येईल का? येईल, पण हंगाम पाळावा लागेल. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फुले गळतात. ज्या झाडाला मार्च-एप्रिलमध्ये भरगच्च फुले दिसतात पण फळ धरत नाही, त्याला खत कमी पडलेले नसते, त्याला उकडत असते. म्हणून गणपतीच्या सुमारास बी टाकावे, पावसाचा जोर ओसरल्यावर रोपे कुंडीत लावावीत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा खरा काळ. कोकणात आणि गोव्यात पाऊस पूर्ण थांबेपर्यंत रोपे आडोशाला ठेवलेली बरी, नाहीतर करपा सोडत नाही.

कुंडी मात्र लहान घेऊ नये. झाड ठेंगणे असले तरी मुळे ठेंगणी नसतात. लेहूलियर ठेंगण्यांसाठी पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची पिशवी वापरतात. आपल्याकडे रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, बुडाला पाच-सहा भोके पाडून चालतो. एका डब्यात एकच झाड. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड. रोप लावताना खालची पाने काढून खोडाचा काही भाग मातीत दाबावा. टोमॅटोच्या खोडाला मुळे फुटतात आणि झाड पक्के बसते. चार फुटांची एक काठी पुरते. उंच वेलाच्या बगलफुटी काढत बसावे लागते, तो उद्योग इथे नाही. फांद्या आपल्या आपण झुडूप धरतात. फक्त जमिनीला टेकणारी पाने काढून टाकावीत.

ऊन किमान सहा तास हवे. याला पर्याय नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत ठेवलेले झाड पाने देईल, फळे देणार नाही.

पाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असे झाले की फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक त्याला रोग समजून फवारणी करतात. तो रोग नाही. पाण्याबरोबर फळापर्यंत जाणारे कॅल्शियम वाटेत तुटलेले असते. रोज ठरलेल्या वेळी, सारखे पाणी, आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन एवढ्याने तो बहुतेक थांबतो. उंच इमारतीच्या गॅलरीत भुंगे येत नसतील तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारावी. पराग खाली झडून काम होते.

खरा शत्रू पांढरी माशी. ती पाने आकसवणारा विषाणू पसरवते, त्याला शेतकरी बोकड्या म्हणतात. या नव्या ठेंगण्यांचे पूर्वज जुने वारसा वाण आहेत आणि बोकड्याला तोंड देणारे आधुनिक गुण त्यांच्यात मुद्दाम घातलेले नाहीत. रोपे लहान असताना बारीक जाळीखाली ठेवावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत, आठवड्याला निंबोळी अर्क फवारावा. तरीही एखादे झाड आकसले तर माया न करता उपटून टाकावे. ते राहिले तर शेजारची झाडे जातात. उत्पन्नाबाबतही भ्रम नको. उंच वेलाएवढी फळे ठेंगणे झाड देत नाही. पण डब्यातल्या तीन फुटी झुडपावर पाव किलोचा जांभळा टोमॅटो लगडलेला पाहिला आणि मीठ लावून खाल्ला, की हा सौदा फायद्याचा वाटतो.

बी परदेशातून पाकिटात मागवणे टाळावे. आयातीला परवाना आणि पीकस्वास्थ्य प्रमाणपत्र लागते, आणि हा नियम नव्या रोगांपासून आपली शेती वाचवण्यासाठी आहे. देशातच बी जपणारी माणसे आणि छोटे विक्रेते शोधावेत. एकदा मिळाले की पुन्हा घ्यायची गरज नाही. सर्वांत निरोगी झाडावरचे एक-दोन फुलांचे घोस उमलण्याआधी पातळ कापडी पिशवीने बांधावेत, म्हणजे दुसऱ्या वाणाचे पराग येत नाहीत. फळ झाडावर पूर्ण पिकू द्यावे. बिया गरासकट वाटीत काढून थोडे पाणी घालावे आणि तीन दिवस तसेच ठेवावे. वर साय धरते, वास येतो, ते योग्यच आहे. बियांवरचा बुळबुळीत थर तेव्हाच सुटतो. मग धुऊन, ताटलीत सावलीत वाळवून, कागदी पाकिटात भरावे. कोरड्या आणि थंड जागी हे बी पाच-सहा वर्षे सहज उगवते.

पाकिटावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहायला विसरू नका, आणि घरी चार-पाच झाडांपुरते बी ठेवून बाकीचे शेजाऱ्यांना द्या. एका फळात शंभरावर बिया असतात.